बंदूक बदलायच्या आधी शाफ्ट काचेवर लोळवून बघा

मागच्या वर्षभरात तिघाचौघांनी मला एकच प्रश्न विचारलाय, की आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहतो, फ्रीडायव्हिंगचा म्हणजे श्वास रोखून डुबकी मारायचा कोर्स झालाय, स्पिअरगन म्हणजे रबर ताणून पाण्याखाली भाला मारायची बंदूक पण घेतली, पण मासा समोर असूनही भाला लागत नाही, तर आता कुठली गन घेऊ? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं टाइप करून टाकतो. मी काही चॅम्पियन वगैरे नाही बरं का. मूळचा देवगडकडचा, लहानपणी खडपावर बसून गरवण्यापलीकडे मासेमारी केली नाही, इथे आल्यावर नॉर्दर्न कॅलिफोर्नियाच्या थंडगार पाण्यात सात-आठ सीझन काढले आणि त्यातले पहिले दोन नुसते चुकवण्यातच गेले.

तर पहिलं उत्तर, नवी गन घेऊ नका. या पाण्यात नेम चुकतो तो मुख्यतः तीन कारणांनी: तुम्ही लांबून मारता, तुम्हाला थंडी वाजत असते म्हणून घाई करता, आणि तिसरं म्हणजे शाफ्ट, म्हणजे गनमधून सुटणारी भाल्याची सळई, वाकलेला असतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. गनचा नंबर यानंतर लागतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण तो आपल्याकडच्या लोकांमध्ये फार आहे. पाण्यात मासा दिसतो तिथे नसतोच, त्याच्या जरा खाली मारायचं, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. हे खरंय, पण काठावर किंवा होडीत उभं राहून भाला मारत असाल तर, कारण तेव्हा तुमचा डोळा हवेत असतो, मासा पाण्यात आणि तुम्ही तिरके बघत असता. तुम्ही स्वतः पाण्याखाली मास्क लावून असाल तर शाफ्टचं टोक आणि मासा दोन्ही एकाच पाण्यातून एकाच काचेतून दिसतात, त्यामुळे दिशा फसवत नाही, टोक माशावर दिसतंय म्हणजे ते माशाच्याच दिशेने आहे. फसवतं ते अंतर. मास्कमधून सगळं साधारण ३३ टक्के मोठं आणि २५ टक्के जवळ दिसतं, म्हणजे ४ मीटरवरचा मासा ३ मीटरवर वाटतो आणि हातभर असेल तर सव्वा हाताहून मोठा वाटतो. मोठा आणि जवळ! मग कोण थांबणार, दाबला ट्रिगर.

माझा पहिला लिंगकॉड, म्हणजे इथला तळाशी पडून राहणारा मोठा मासा, असाच गेला. सोनोमाच्या किनाऱ्यावर सॉल्ट पॉइंटला, साधारण ७ मीटर खोलीवर एका सपाट खडकाच्या कडेला तो पसरून पडला होता, लिंगकॉड पडून राहतो तसा, छातीचे पंख पसरलेले, अंगावर तपकिरी-हिरवे डाग, हललासुद्धा नाही. मी वरूनच मारला. भाला त्याच्या नाकापासून वीतभर अलीकडे वाळूत अलगद टेकला. मासा तिथेच, मी वर गेलो, परत लोड केलं, परत खाली, परत तेच. तिसऱ्या वेळी त्यालाच कंटाळा आला असावा, शेपटीचा एक फटका मारून तो कपारीत गेला. मी घरी येऊन गनला शिव्या घातल्या आणि ऑनलाइन ९० ची (म्हणजे ९० सेमीची) गन बघत बसलो. नंतर दोरीला गाठी मारून मोजलं तेव्हा कळलं की मी दोन्ही-तिन्ही वेळा टोकापासून ४ मीटरच्या आसपास लांब होतो आणि गनचा भरवशाचा पल्ला त्याच्या जेमतेम निम्मा होता.

हा हिशोब एकदा कागदावर मांडूनच बघा. हात सरळ केला की डोळ्यापासून हँडलपर्यंत ५०-६० सेमी, पुढे ७५ ची गन, त्यापुढे शाफ्टचं टोक बाहेर आलेलं, म्हणजे टोकच डोळ्यापासून दीड मीटरवर गेलं. एक १६ मिमी रबर आणि ६.५ मिमी शाफ्ट असलेल्या माझ्या ७५ च्या गनचा भरवशाचा पल्ला टोकापासून २ ते अडीच मीटर आहे. मासा टोकापासून २ मीटरवर असेल तर डोळ्यापासून तो साडेतीन मीटरवर असतो आणि मास्कमधून २.६ मीटरवर वाटतो. आता इथल्या पाण्यात व्हिज, म्हणजे किती लांबचं दिसतं ते, कितीतरी दिवस ३-४ मीटरच असते, म्हणजे मासा नीट दिसला की तो जवळजवळ पल्ल्यातच आलेला असतो, १२० ची गन घेऊन तुम्ही करणार काय? केल्पमध्ये, म्हणजे तळापासून वर येणाऱ्या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलात, फिरवता पण येत नाही ती. ७५ घ्या, फार तर ९०. ऑक्टोबरात १० मीटर व्हिज मिळाली तर ९० बरी वाटते, बाकी वर्षभर माझी घरीच असते.

पाणी इतकं थंड का, हे समजलं तर दिवस निवडायला सोपं जातं. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला किनाऱ्याला समांतर वायव्येचा वारा वाहतो, त्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. त्या पाण्यात खत भरपूर, त्यामुळे प्लँक्टन माजतं आणि पाणी मुगाच्या आमटीसारखं होतं. म्हणून एप्रिल-मे-जूनमध्ये वर कितीही ऊन असलं तरी उत्तरेला मेंडोसिनोकडे पाणी ८-१० अंश आणि व्हिज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारा पडतो, पाणी दक्षिणेला मॉन्टेरेकडे १३-१५ पर्यंत जातं आणि तळ दिसायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात डुंबायची सवय असलेल्या माणसाला हे उलटं गणित डोक्यात बसायला वेळ लागतो. हिवाळ्यात मधूनच काचेसारखं पाणी मिळतं पण तेव्हा लाटा मोठ्या, आणि डिसेंबर ते मार्च लिंगकॉडचे नर अंड्यांवर राखण बसलेले असतात, तो हलत नाही म्हणून मारायला सोपा, पण त्याला उचललात की अंडी बाकीचे मासे खाऊन टाकतात. नियमात बसलं तरी मी मारत नाही, तुमचं तुम्ही बघा.

लाटांसाठी फक्त उंची बघू नका, पिरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद बघा. बॉयचे, म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या मोजणी यंत्रांचे, आकडे फुकट मिळतात, सोनोमासाठी बोडेगा बेचा ४६०१३, त्याच्या वर पॉइंट अरीनाचा ४६०१४, मॉन्टेरेला ४६०४२. ४ फूट ८ सेकंदाला आणि ४ फूट १६ सेकंदाला यात जमीनअस्मानाचा फरक आहे, दुसऱ्यात तळाशी पाणी पुढेमागे असं हेलकावतं की खडकाला धरून पण स्थिर राहता येत नाही, मग नेम कसला धरताय. ५-६ फुटांच्या वर असेल तर मी गाडीच काढत नाही. आणि सकाळी लवकर, कारण दुपारी वारा सुटतो.

आता थंडी. लोक वेटसूटकडे आरामाची गोष्ट म्हणून बघतात, मी ती नेमाची गोष्ट म्हणून बघतो. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. पहिली बोटं जातात. बोटं गेली की ट्रिगर कुठे सुरू होतो आणि कुठे सुटतो तेच कळत नाही, मग तुम्ही तो दाबत नाही, हिसकता, आणि टोक खाली जातं. त्यात थरथर सुरू झाली की श्वास लहान होतो, तळाशी थांबायची इच्छा उरत नाही आणि माणूस दिसेल तिथून मारून मोकळा होतो. माझे चुकलेले नेम पहिल्या तासापेक्षा दुसऱ्या तासात किती जास्त आहेत ते एकदा लिहून ठेवायला लागलो तेव्हा माझाच मला राग आला.

म्हणून ७ मिमीचा, दोन तुकड्यांचा, ओपन सेल सूट, टोपी जॅकेटलाच जोडलेली. सर्फिंगचा झिपवाला सूट घालून येऊ नका, पाणी आत खेळतं. ओपन सेल आतून चिकट असतो, कोरडा ओढलात तर नखाने फाटेल, कोमट पाण्यात थोडा हेअर कंडिशनर घालून ते आत ओतायचं आणि मग सरकवायचा. पायात ५ मिमी मोजे. हातमोज्यांचा मात्र विचार करा, ५ मिमी ऊबदार असतात पण त्यात बोट सॉसेजसारखं होतं आणि काही गनच्या ट्रिगर गार्डमध्ये शिरतच नाही, किंवा शिरतं आणि सेफ्टी काढल्या काढल्या नुसत्या हातमोज्याच्या दाबानेच गन सुटते, हे फार वाईट. मी ३ मिमीवर असतो. गन दुकानात बघायला जाल तेव्हा हातमोजे खिशात घेऊन जा आणि घालूनच ट्रिगर दाबून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. थर्मासमध्ये गरम पाणी न्यायचं, उतरायच्या आधी सूटच्या गळ्यातून आणि हातमोज्यात ओतायचं, याने मिळणारा पहिला अर्धा तास सोन्यासारखा असतो. आणि बोटं बधिर व्हायला लागली की त्या दिवसाची शिकार संपली, बडीला म्हणजे जोडीदाराला सांगायचं आणि बाहेर.

जाड सूट म्हणजे जास्त शिसं. माझं वजन ७२ किलो, ७ मिमीवर मला १२ किलोच्या आसपास लागतं. पण हा आकडा उचलू नका, स्वतःचा काढा: पृष्ठभागावर उभं राहून श्वास पूर्ण सोडला तरी तरंगत राहायला पाहिजे, बुडायला लागलात तर शिसं कमी करा. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, निओप्रीनमधले बुडबुडे दबतात, सूटचा तरंगण्याचा जोर तिथे बराच कमी झालेला असतो, त्यामुळे वर हलकं वाटणारं वजन खाली जड होतं. उथळ पाण्यात तळाला नीट पडून राहायला दोन किलो जास्त घ्यायचा मोह होतो. नको. रबराचा बेल्ट, एका हाताने सुटणारं बकल, आणि अडचण आली की पहिला टाकायचा तो बेल्ट.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वाचून सोडून देऊ नका. श्वास रोखून डायव्ह करणारी माणसं बेशुद्ध होतात ती बहुतेक वेळा खाली नाही, वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा डोकं बाहेर आल्यावर. आधी काही जाणवेलच असं नसतं. जोरजोरात श्वास घेऊन मग डायव्ह करायची सवय असेल तर ती आजच सोडा, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि श्वास घ्यायची इच्छा उशिरा होते, म्हणजे घंटाच काढून टाकली. एक खाली तर दुसरा वर, दोघं एकदम खाली नाही, आणि वर आलेल्या माणसावर पुढची ३० सेकंद तरी नजर. जितका वेळ खाली त्याच्या निदान दुप्पट वेळ वर विश्रांती. थंडीत दम नेहमीपेक्षा लवकर संपतो, स्विमिंग पूलमधला तुमचा आकडा इथे विसरा. एकटं जायचं नाही. मासा उद्या पण मिळतो.

आता गन. रबर हे गनचं इंजिन आणि त्याच्याकडेच कोणी बघत नाही. लेटेक्स उन्हाने आणि वयाने मरतं, वरून ठीक दिसतं पण ताणलं की बारीक चिरा दिसतात. एका सीझनमध्ये बदलाच. लांबीचा हिशोब सोपा आहे: गनच्या तोंडाशी रबर जिथे अडकतं तिथपासून शाफ्टच्या खाचेपर्यंत मोजा, समजा ७० सेमी आलं, साडेतीन पट ताणायचं तर एका बाजूला २० सेमी, दोन्ही मिळून ४० सेमी रबर, गाठीत आत जाणारं वेगळं धरायचं. मी ४३-४४ ठेवतो, म्हणजे ३.२ पटच्या आसपास. थोडा जोर कमी मिळतो पण एक म्हणजे गार बोटांनी आणि जाड हातमोज्यांनी लोड करता येतं, आणि दुसरं म्हणजे बारीक शाफ्टला प्रमाणाबाहेर जोर दिला की तो सुटताना चाबकासारखा लवलवतो आणि कुठेही जातो. जास्त रबर म्हणजे जास्त नेम असं अजिबात नाही, उलटच. आणि लोड करून अर्धा-अर्धा तास फिरू नका, ताणलेलं रबर ढिलावतं, सकाळी पहिला नेम बरोबर आणि लोड करून बराच वेळ फिरल्यावरचा नेम खाली, असं होत असेल तर हे बघा. मी मधूनमधून काढून परत लोड करतो. लोड फक्त पाण्यातच, गनचा दांडा छातीवर किंवा मांडीच्या वर टेकवून, दोन्ही हातांनी सारखं ओढून, तोंड माणसांपासून लांब. किनाऱ्याला यायच्या आधी पाण्यातच अनलोड. हवेत गन कधीच उडवायची नाही, अडवायला पाणी नसलं की भाला त्याला गनशी बांधलेली दोरी तोडून किंवा दोरीसकट उलटा येऊ शकतो.

आता शीर्षकातली काच. शाफ्ट खडकावर आपटतो, आपटला की वाकतो, कधी एवढा थोडा की डोळ्याला दिसत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. शाफ्ट तिच्यावर ठेवायचा, काटा म्हणजे फ्लॉपर आणि खाचा टेबलाच्या कडेबाहेर येतील असा, आणि तळहाताने हळू लोळवायचा. सरळ असेल तर एकसुरी सर्रर्र असा आवाज येतो. वाकलेला असेल तर टक, टक, टक, आणि मधून खाली उजेडाची फट दिसते, टोक गोल गोल फिरताना दिसतं. टोकाला २ मिमी डोललं तरी लांबवर त्याचं काय होतं विचार करा. बायकोचं म्हणणं काचेला चरे पडतायत, ते खरंय, म्हणून आता खाली जुनं वर्तमानपत्र घालावं लागतं आणि मग आवाज नीट येत नाही, असो. थोडा वाक असेल तर लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवून हाताने दाबून सरळ करता येतो, खाचेजवळ वाकला असेल तर सरळ टाकून द्या. गनपेक्षा शाफ्ट खूप स्वस्त असतो, एक जास्तीचा गाडीत ठेवा.

शाफ्ट बघितलात तर दोरी पण बघा. नायलॉनची जाड दोरी थंड पाण्यात कडक होते, गुंडाळीचे वळसे तसेच धरून ठेवते आणि सुटताना शाफ्टला एका बाजूला ओढते. आदल्या रात्री कोमट पाण्यात टाकून ताणून ठेवली की बरी वागते. गुंडाळी घट्ट पण सुटसुटीत, ट्रिगरजवळच्या कडीत नीट बसलेली. फ्लॉपर ढिला असेल तर उडताना उघडतो, सायकलच्या ट्यूबची बारीक रिंग त्याच्यावर चढवून ठेवा, माशात शिरताना ती आपोआप मागे सरकते.

सराव मात्र करावाच लागेल, त्याला पर्याय नाही, आणि बहुतेक लोक नेमका तोच करत नाहीत, थेट माशावर सराव करतात, म्हणजे जखमी मासे सोडून देतात. जुनी योगा मॅट कापून चार-पाच थर एकावर एक चिकटवा, साधारण फूटभर चौकोन, मधोमध रुपयाएवढा पांढरा ठिपका. खाली २ किलो शिसं, वर छोटा फ्लोट, म्हणजे तो पाण्यात मध्येच उभा राहतो. जागा अशी, जिथे शिकारीला परवानगी आहे, माणसं नाहीत, मागे वाळू आहे, खडक नाही. टार्गेटपासून एक दोरी सोडा, तिला २, अडीच, ३ आणि ४ मीटरला गाठी. मोजायचं शाफ्टच्या टोकापासून, मास्कपासून नाही. आणि हे सगळं पूर्ण सूट, हातमोजे, टोपी घालून, त्याच थंड पाण्यात. हवाईला सुट्टीत जाऊन उघड्या हाताने केलेला सराव इथे कामाचा नाही, जाड बाहीमुळे कोपर वेगळं बसतं आणि हातमोज्यामुळे पकड वेगळी.

प्रत्येक गाठीवरून पाच वेळा मारा आणि मग भोकं बघा. घरी आणून टेबलावर ठेवून बघा निवांत. पाचही भोकं मुठीएवढ्या जागेत आहेत पण ठिपक्यापासून बाजूला, तर तुमचा हात चांगला आहे, गनमध्ये काहीतरी आहे. पाच भोकं पाच दिशांना, तर गन निर्दोष, तुम्ही दोषी. सगळी भोकं वरच्या बाजूला असतील तर गनचा धक्का तोंड वर उचलतोय, मनगट सैल आहे किंवा रबर जास्त आहे. खाली असतील तर रबर मेलेलं, किंवा गन तोंडाकडून जड, किंवा तुम्ही ट्रिगर हिसकताय, किंवा सरळ सरळ पल्ल्याच्या बाहेर आहात. डावी-उजवीकडे असतील तर वाकलेला शाफ्ट, दोन्ही बाजूंचं असमान रबर नाहीतर अडकणारी दोरी. एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्यात तर कशामुळे सुधारलं ते कधीच कळणार नाही. ज्या गाठीवरून पाचपैकी पाच मुठीत येतात तो तुमचा पल्ला. त्याच्यापुढचा मासा तुमचा नाही. माझी ती गाठ अडीच मीटरची आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मारताना हात सरळ, मनगट पक्कं, शाफ्टच्या वरून रेषा धरून टोक, आणि टोकापलीकडे मासा. पूर्ण मासा बघायचा नाही, त्याच्यावरची एक जागा बघायची. अख्ख्या माशावर नेम धरला की भाला पोटात जातो नाहीतर शेपटीमागून. गिल जिथे संपतं त्याच्या किंचित मागे आणि वर, मणक्याच्या रेषेत. तिथे लागला तर मासा थरथरतो आणि संपतो, तडफड नाही, मांस फाटत नाही. ट्रिगर हळू दाबायचा, आणि सुटल्यावर पण हात तसाच ठेवायचा, लागला का बघायला मान वर करू नका. कॅरममध्ये स्ट्राइकर सुटायच्या आधीच हात उचलणारा माणूस आठवा, तेच हे.

जवळ कसं जायचं? लिंगकॉड पडून राहतो, त्याच्यावर थेट वरून पडू नका, बाजूला थोडं लांब तळाला जा आणि खडकाच्या आडून तळालगत सरका, डोळ्यात डोळे घालून बघू नका, फिन हलवू नका. ब्लॅक आणि ब्लू रॉकफिश, म्हणजे इथले खडकाळ भागातले काटेरी मासे, मध्यपाण्यात थव्याने असतात, त्यांच्या मागे पळालात तर मिळत नाहीत, केल्पच्या देठाला एका हाताने धरून गप्प राहिलात तर तेच चौकशीला येतात. केल्प म्हणजे, आता मिळाला तर. २०१३ पासून अर्चिन खाणाऱ्या स्टारफिशवर रोग आला, २०१४ नंतर पाणी तापलं, जांभळे अर्चिन, म्हणजे केल्प खाणारे काटेरी गोळे, माजले आणि सोनोमा-मेंडोसिनोचं बुल केल्पचं जंगल ९० टक्क्यांहून जास्त नाहीसं झालं. अॅबलोनीची, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या खाण्याच्या मोठ्या शंखाची, शिकार २०१८ पासून बंद आहे. इथले जुने डायव्हर श्वास रोखायला शिकले ते अॅबलोनी काढता काढता, त्यांच्या तोंडून त्या गोष्टी ऐकताना आपल्या गावच्या म्हाताऱ्यांची आठवण येते, पूर्वी इथे पाग टाकला की वगैरे. केल्पमधून पृष्ठभागावर पोहताना गन शरीराला समांतर, आणि चाकू हाताला येईल असा ठेवा, दोरी हमखास अडकते.

मासा लागला की अंगाला बांधू नका, फ्लोटवर टांगा. फ्लोटला लाल-पांढरा डायव्ह झेंडा हवाच, होड्या असतात. ऑगस्टपासून पुढे मोठे ग्रेट व्हाइट शार्क या किनाऱ्याला येतात, घाबरवत नाही, पण कमरेला रक्ताळलेला मासा लटकवून पोहण्यात काय शहाणपण. लिंगकॉडच्या तोंडात आणि गिलमध्ये बोट घालू नका, दात सुईसारखे असतात, हातमोज्यातून जातात. रॉकफिशचे पाठीचे काटे टोचले की तासभर ठणकतं. कॅबेझॉन नावाचा मोठ्या डोक्याचा मासा मिळाला तर खा, फार गोड, पण त्याची गाबोळी विषारी आहे, आपल्या लोकांना गाबोळी दिसली की राहवत नाही म्हणून मुद्दाम सांगतोय.

नियम: १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला लायसन्स. लिंगकॉड २२ इंचाच्या आत असेल तर सोडायचा, दिवसाला दोन. पाण्यात २२ इंचाचा वाटला म्हणजे तो १७ चा असू शकतो, ते ३३ टक्के आठवा, म्हणून मी गनवर टेपने खूण करून ठेवलीय आणि शंका आली तर मारतच नाही, भाला मारलेला मासा सोडून काय उपयोग. व्हेंच्युरा काउंटीच्या उत्तरेला कुठल्याही ओढ्याच्या मुखापासून १०० यार्डांच्या आत भाला बाळगायचाच नाही, आणि इथले निम्मे सोयीचे किनारे ओढ्याच्या मुखाशीच आहेत. सॅमन भाल्याने नाही. मॉन्टेरेचं ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) शिकायला सगळ्यात सोपं आहे, पण तो भाग संरक्षित आहे, तिथे भाला चालत नाही, पॉइंट लोबोसला तर काहीच नाही, आणि सॉल्ट पॉइंटला पण गर्स्टल कोव्हच्या आत नाही, बाहेर आहे. नकाशा फोनमध्ये सेव्ह करून घ्या, तिथे रेंज नसते. नियम दरवर्षी बदलतात, निघायच्या आदल्या रात्री स्टेटच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याच्या साइटवर बघायचं. आणि जो मासा ओळखता येत नाही तो मारायचा नाही, काही रॉकफिश पूर्ण बंद आहेत आणि काहींचं वय तुमच्या आजोबांपेक्षा जास्त असतं.

घरी आलात की गन, शाफ्ट, दोरी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, रबर सावलीत वाळवा, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मासा कापाल तेव्हा एक लक्षात ठेवा, काही लिंगकॉडचं मांस चक्क निळं-हिरवं असतं. मी पहिला कापला तेव्हा व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला तर ती म्हणाली, "अरे, मासो कुसलो की काय रे?" कुसलेला नसतो, शिजला की पांढराशुभ्र होतो. तिरफळं घालून केलात तर घट्ट तुकडे पडतात, सुरमईसारखे नाही, पण मोरीच्या मटणापेक्षा नक्की चांगले. मात्र जेवण व्हायच्या आधी शाफ्ट काचेवर लोळवून घ्या, नंतर कंटाळा येतो आणि पुढच्या रविवारी पाण्यात आठवतं.